पोटाची कॅप्सूल, छातीचं दुखणं

आमच्या घरात दवाखान्याची भाषा येणारी मी एकटीच. मी बी.कॉम. झाले तेव्हा घाटंजीकडच्या आमच्या गावात मुलगी सोडाच, आमच्या भावकीतला मुलगाही पदवीपर्यंत पोचला नव्हता. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कधी लपवलेला नाही. पुढे आर्णीच्या एका कॉलेजात ऑफिसमध्ये लागले, आता वरिष्ठ लिपिक आहे. लग्न राहून गेलं. कोणी थांबवलं नव्हतं, पण आधी बाबा गेले, मग आईचं, मग भावाचं, असं करता करता ते राहूनच गेलं. खोली भाड्याची, घरमालक खाली, मी वर.

शिकलेली असण्याचं एक काम मात्र माझ्याकडे कायमचं आलं. घरात कोणी आजारी पडलं की यवतमाळला न्यायचं ते मीच. आजीचा मोतीबिंदू, काकाचा मूतखडा, भावजयीची दोन्ही बाळंतपणं. फाइल माझ्या काखेत, पेशंट माझ्या मागे. कोणत्या खिडकीवर कागद द्यायचा, तपासणीचा रिपोर्ट कुठे मिळतो, कोणत्या सिस्टरशी गोड बोलायचं आणि कोणाशी रोखठोक, हे मला पाठ. गावाकडे म्हणतात, "ताई सोबत हाय ना, मंग काय टेंशन नाही." हे ऐकायला छान वाटतं. इतकी वर्षं छानच वाटलं.

हे मी आता लिहितेय, कारण माझ्यासारख्या बाया आणखी असतील. सगळ्यांच्या सोबत जाणाऱ्या आणि स्वतःचं कोणालाच न सांगणाऱ्या.

शिबिराचा दिवस

आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर होतं. मुलांसाठी होतं खरं तर, पण स्टाफनेही हात पुढे केले. रक्त देताना आमचा शिपाई रमेश म्हणाला, "मॅडमचं रक्त काढून पाहा, शाईच निघन." सगळे हसले, मीही हसले.

रिपोर्ट आला तेव्हा हसू आलं नाही. रिकाम्या पोटीची साखर वाढलेली, तीन महिन्यांची सरासरीही वाढलेली, कोलेस्टेरॉल जास्त. रिपोर्ट घेऊन मी बसस्टँडजवळच्या डॉक्टरांकडे गेले. वयस्क माणूस, कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं की अजून मधुमेह झालेला नाही, पण त्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर मी उभी आहे. इथून मागे फिरता येतं. मग विचारलं, घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का?

मी म्हटलं, बाबांना. पन्नाशी जेमतेम ओलांडली होती त्यांनी.

त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले की मग तुम्हाला साखरेपेक्षा हृदयाची काळजी जास्त घ्यावी लागेल, साखर अशी रेंगाळत असली की रक्ताच्या नळ्या आतून खराब व्हायला लागतात, मधुमेह व्हायची वाट पाहत बसत नाहीत. त्यांनी चालायला सांगितलं, जेवणातला भात आणि चहातली साखर कमी करायला सांगितली, कोलेस्टेरॉलची एक गोळी रोज संध्याकाळी लिहून दिली, आणि यवतमाळला जाऊन हृदयाची तपासणी करून या म्हणाले. "कोणाला तरी सोबत न्या," असंही म्हणाले. मी हो म्हटलं. तिथे बसून दुसरं काय म्हणणार?

घरी आले. चहा ठेवला, साखरेचा डबा हातात घेतला आणि तसाच परत ठेवला. वाटलं, कोणाला तरी सांगावं. गावाकडे फोन लावला. भावजय सुनंदाने उचलला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, बरं झालं ताई तुम्हीच फोन केला, मी लावणारच होते. तिचा गुडघा दुखत होता, चांगला हाडाचा डॉक्टर कोण, कधी नेता? मी डॉक्टरचं नाव सांगितलं, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते ते सांगितलं. मी कशी आहे ते तिने विचारलं नाही. यात तिचा दोष धरू नये. मी कशी असणार, मी ताई होते.

बिनसाखरेचा चहा प्याले. वाईट लागला.

पोटात जनावरं

आता त्या कॅप्सूलचं सांगते.

मला एखादी गोष्ट वाचून समजली की मगच पटते. फोनवर वाचायला लागले. वाचता वाचता पोटातल्या जिवाणूंवर येऊन पोचले. आपल्या आतड्यांत चांगले आणि वाईट असे दोन्ही जिवाणू असतात, चांगले कमी झाले की साखर बिघडते, चरबी बिघडते, सूज वाढते, आणि शेवटी ताण हृदयावर येतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं होतं. साखर वाढू लागलेल्या माणसांना चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या, काहींमध्ये थोडा फरक दिसला, असंही होतं. 'थोडा' आणि 'काहींमध्ये' हे शब्द मी वाचले. डोळ्यांनी वाचले, मनाने पुढे पळाले, आणि मेडिकलमधून तसली कॅप्सूल घेऊन आले.

खरं सांगू का, मला ती कॅप्सूल आवडण्याचं कारण वेगळंच होतं. कोलेस्टेरॉलची गोळी म्हणजे पेशंटची गोळी. ती बाबांच्या वयाच्या माणसांच्या पिशवीत असते. कॅप्सूल मात्र तब्येत जपणाऱ्या माणसाची वाटत होती. पर्समध्ये ठेवली, कोणी पाहिली तरी लाज नाही. उलट मीच सांगायला लागले. ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना आतड्यांचं भाषण द्यायचे. आमच्या लॅबमधल्या मनीषाने सुरू केली, अकाउंटवाल्या सरांनी सुरू केली. रमेश म्हणायचा, "आपल्या मॅडम पोटात जनावरं पाळून राह्यल्या. दुधाचं काय, देतात का?" मी त्याला म्हणायचे, तुझ्या पोटात नुसता तंबाखूचा खर्रा आहे, तिथे कोण जगणार.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडे जरासे खाली आले होते. त्या महिन्यांत मी चालतही होते, भातही कमी केला होता, संध्याकाळची गोळीही घेत होते. पण श्रेय मी सगळं कॅप्सूललाच देऊन टाकलं. मग पाय दुखतात म्हणून गोळी बंद केली. गोळीने काहींचे पाय दुखतात हेही मी वाचलेलंच होतं. डॉक्टरांना विचारलं नाही. यवतमाळची तपासणी तर केलीच नाही. आधी परीक्षेचं काम, मग प्रवेशाचं काम. आणि सोबत कोण येणार, हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारलाही नाही, कारण त्याचं उत्तर मला नको होतं.

एकटीचं दही

डॉक्टरांनी एकदा सहज विचारलं होतं की दही-ताक खाता की नाही. मी खाते म्हटलं होतं. पण एकट्या माणसाच्या घरात दही कसं असतं ते एकट्यालाच ठाऊक. चार माणसांच्या घरात दही लागतं आणि संपतं. माझ्याकडे पहिल्या दिवशी गोड, दुसऱ्या दिवशी आंबट, तिसऱ्या दिवशी कढी, आणि कढी एका माणसासाठी कोण करतं? ते फेकलं जायचं आणि त्यासोबत विरजणही जायचं.

एका संध्याकाळी दूध गरम करून कोमट केलं तेव्हा लक्षात आलं, विरजण नाही. खाली घरमालकीणबाईंकडे मागावं तर दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर आमच्याकडे कोणी विरजण देत नाही, लक्ष्मी जाते म्हणतात. माझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे, आणि त्यांना अडचणीत कशाला टाकायचं. मी पर्समधली कॅप्सूल काढली, उघडली आणि पावडर दुधात टाकून ढवळली. म्हटलं, हेही जिवाणूच की.

सकाळी दही लागलं होतं. पातळ, जरा तारेचं, पण दही. मला इतकं हसू आलं की मी भांडं हातात घेऊन दारापर्यंत गेले, कोणाला तरी दाखवायला. दारात गेल्यावर आठवलं की दाखवायला कोणी नाही. खाली बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, काल मागायला का नाही आली व? मग मी ते दही उभ्या उभ्या खाल्लं आणि ऑफिसला गेले.

एकटेपणा रडण्यात असतो असं लोकांना वाटतं. मला तो हसताना जास्त कळला.

गॅस

आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर. पावसाळा संपता संपता जिना चढताना मला मध्ये थांबावं लागायला लागलं. रेलिंग धरून मोबाइल पाहत असल्यासारखं करायचे. छातीत मध्यभागी कोणी हाताचा पंजा दाबून धरल्यासारखं व्हायचं, आणि खालचा जबडा दुखायचा, जसा दात दुखण्याआधी दुखतो. थांबलं की कमी व्हायचं. दाताच्या डॉक्टरला दाखवलं. त्याला काही सापडलं नाही.

मग मी ठरवलं की हा गॅस आहे.

आपल्याकडे गॅस हा सगळ्यांना मान्य असलेला आजार आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, तपासणी लागत नाही, कोणाची सोबत तर अजिबातच लागत नाही. मनीषाने ओवा आणून दिला. अकाउंटवाले सर म्हणाले, हिंगाचं पाणी घ्या. मी काय केलं? कॅप्सूल एकीच्या दोन केल्या. पोटाचं आहे तर पोटालाच औषध द्यायचं, हा माझा हिशोब. शिकलेल्या माणसाची चूकसुद्धा कशी नीट मांडणी करून येते पाहा.

बाबांचंही मला माहीत होतं. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तेही गॅस झाला म्हणत होते. आईने लिंबाच्या पाण्यात सोडा घालून दिला, ते ढेकर देऊन म्हणाले की बरं वाटतं, आणि आडवे झाले. हे मी कितीदा तरी लोकांना सांगितलं आहे, जनजागृती म्हणून. स्वतःला सांगायचं राहिलं.

दिवाळीनंतरच्या एका आठवडी बाजारात भाजीची पिशवी घेऊन येत होते. पंजा पुन्हा बसला, पण या वेळी थांबूनही उठेना. दरदरून घाम आला. मी एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसले. दुकानदार ओळखीचा नव्हता. त्याने आतून स्टूल आणलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि जिरासोडा फोडून हातात दिला. म्हणाला, "गॅस चढला काय, बाई?"

मी सोड्याच्या बाटलीकडे पाहिलं. मला बाबांचा ढेकर ऐकू आला. बाटली खाली ठेवली आणि म्हटलं, "नाही. मला दवाखान्यात सोडता का?"

त्याने शेजारच्याला दुकान पाहायला सांगितलं आणि मला स्कूटीवर मागे बसवून डॉक्टरांच्या दारात सोडलं. भाजीची पिशवीही आठवणीने आणली. त्याचं नावही मी विचारलं नाही तेव्हा. नंतर जाऊन विचारलं.

सोबत कोण?

आमच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. गोळी सुरू आहे ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं की बंद केली, पोटाची कॅप्सूल घेते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून औषधांच्या कपाटाकडे गेले. मग जिभेखाली एक गोळी ठेवायला दिली, एक चावायला दिली आणि चिठ्ठी लिहिली. तिथूनच सरळ यवतमाळला जायचं, गाडी करून जायचं, एकटं जायचं नाही. त्यांच्या कंपाउंडरने गाडीवाल्याला फोन केला. सोबत कोण, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं की भाऊ तिकडून येतो आहे. भावाला अजून काही माहीतच नव्हतं.

गाडीत मागच्या सीटवर एकटी बसले. हा रस्ता मला पाठ. प्रत्येक वेळी मी पुढे बसायचे आणि मागे कोणीतरी कण्हत असायचं. मी मागे वळून म्हणायचे, आलंच आता. त्या दिवशी तसं म्हणायला कोणी नव्हतं. गाडीवाला गाणी लावू का म्हणाला, मी लाव म्हटलं.

तिथे गेल्यावर सगळं ओळखीचं होतं आणि काहीच ओळखीचं नव्हतं. कॉटवरून दवाखाना वेगळाच दिसतो. पंखे दिसतात, छताचे डाग दिसतात, लोकांच्या हनुवट्या दिसतात. त्रास आटोक्यात आला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हाताच्या नसेतून नळी घालून हृदयाच्या नळ्या पाहाव्या लागतील, आणि कुठे अडथळा निघाला तर तेव्हाच जाळी बसवावी लागेल. मी व्यवस्थित प्रश्न विचारले, तेही व्यवस्थित बोलले. मग सिस्टर आल्या.

"सोबत कोण आहे तुमच्या?"

"मीच आहे."

"तुम्ही पेशंट आहात. सोबत कोण?"

मी म्हटलं की मी पदवीधर आहे, मला सगळं समजलंय, मी स्वतः सही करते. त्या हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, सही तुमची चालते हो. पण आत तुम्हाला काही झालं तर आम्ही बाहेर येऊन कोणाशी बोलायचं?"

मी फोन हातात घेतला आणि उशीखाली ठेवून दिला.

शेजारच्या कॉटवर दारव्ह्याकडच्या एक आजी होत्या. त्यांच्याभोवती दोन मुली, एक जावई, एक सून, सगळे. डबे उघडे, भांडणं चालू. आजी मला म्हणाल्या, "तुह्यं कोनी नाही काय, माय?" मी म्हटलं, आहेत, शेतीच्या कामात आहेत. आजींनी सुनेला खूण केली. तिने माझ्यासमोर भाकरीचा चतकोर आणि मेथीची भाजी ठेवली. मला उपाशी राहायला सांगितलं होतं, खाता येईना. पण ती भाकर मी बराच वेळ तशीच मांडीवर ठेवली. गरम होती.

मग मी फोन केला.

विलास, माझा भाऊ, माझ्यापेक्षा बराच लहान. बाबा गेले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे मी त्याची बहीण कमी आणि वडीलमाणूस जास्त. कापसाच्या वेचणीचे दिवस, वेचायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मालकाला पाठ फिरवता येत नाही, हे मला ठाऊक होतं. मी इतकंच म्हटलं, "विलास, यवतमाळले ये. दवाखान्यात सही पाहिजे." तो हो म्हणाला. काही विचारलं नाही. ताईने बोलावलं म्हणजे यायचं, अशीच त्याची रीत.

कोन भरती हाय?

तो मोटारसायकलवर आला. शर्टाला कापूस चिकटलेला, हातात डबा. मी दारातून दिसले तसा सरळ माझ्याकडे आला, पण माझ्याकडे पाहिना. आजूबाजूच्या कॉटांवर पाहायला लागला. आजीकडे पाहिलं, पलीकडच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग मला हळूच विचारलं, "कोन भरती हाय, ताई? आपल्या इकडचंच हाय का कोनी?"

मी कॉटवर बसलेले. हाताला सलाईनची सुई लावलेली. तरी त्याला मी पेशंट दिसले नाही.

त्याला वाटलं होतं की कोणाला तरी घेऊन मी आलेय आणि दमून जरा कॉटवर टेकलेय. डबाही त्याने त्या पेशंटसाठी आणला होता. मऊ खिचडी, बिनतिखटाची. सुनंदाने करून दिलेली, कोण आजारी आहे ते न विचारता.

"मीच हाय," मी म्हटलं.

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मग त्याची नजर सुईवर गेली आणि तिथून माझ्या तोंडावर आली. तो खाली बसला. स्टूल होतं, पण तो फरशीवरच बसला. म्हणाला, "कायले नाही सांगतलं?"

मी म्हटलं, कापूस होता ना. त्याने बाहीने डोळे पुसले. आजींची लेक तेवढ्यात त्याला म्हणाली, "भाऊ, रडायचं असन त बाहेर जाऊन रडा, इथं पेशंटले त्रास होते." तो उठून बाहेर गेला आणि तोंड धुऊन आला.

विलासने सही केली आणि मला आत नेलं; तिथली भीती मी फार रंगवत नाही. थंडी वाजत होती, पडद्यावर माझंच हृदय काळ्या धाग्यांसारखं हलत होतं. एक नळी बरीच चिंचोळी झालेली निघाली. तिथे जाळी बसवली.

त्या कॅप्सूलबद्दल

हे वाचणारे मला विचारतीलच, म्हणून सांगून टाकते. मोठ्या डॉक्टरांना मी कॅप्सूलबद्दल सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते खिल्ली उडवतील. नाही उडवली. म्हणाले की पोटातले जिवाणू आणि हृदय यांचा संबंध आहे असं दिसतं, अभ्यास चालू आहेत, साखर वाढू लागलेल्यांना थोडा फायदा होतही असेल, पण तो किती, कोणाला आणि कोणत्या जिवाणूने, हे अजून पक्कं नाही. घ्यायची असेल तर घ्या, पण ती हृदयाला राखेल असं धरून चालू नका. तुमचं नुकसान कॅप्सूलने केलं नाही, तिच्या भरवशावर जे बंद केलंत त्याने केलं.

मी तेवढंच पुढे सांगते. कोलेस्टेरॉलची गोळी मनाने सोडू नका. पाय दुखले तर डॉक्टरला सांगा, ते बदलून देतात, मला बदलून दिली. साखर अलीकडच्या पायरीवर आहे म्हणजे हृदयही अलीकडे थांबलंय असं समजू नका. आणि चालताना छातीत दाबलं, जबडा दुखला, घाम सुटला, तर छातीची पट्टी निघेपर्यंत त्याला गॅस म्हणू नका. ऑफिसमध्ये ज्यांना मी भाषण दिलं होतं त्यांनाही परत जाऊन हेच सांगितलं. रमेश तर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन साखर तपासायला गेला.

राउंड

जाळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांचा राउंड होता. विलास माझ्या कॉटपाशी उभा, पण कसं उभं राहायचं ते त्याला कळत नव्हतं. तो इतक्या वेळा दवाखान्यात आला होता, पण दरवेळी माझ्या मागे. म्हणून मी त्याला पडल्या पडल्या शिकवत होते. डॉक्टर आले की टोपी काढ. गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते विचार. काम कधी सुरू करायचं ते विचार. जिना चढायचा की नाही ते विचार. घाईत असले तरी सोडू नको, समोर उभा राहा. तो पुटपुटत पाठ करत होता, शाळेत कविता पाठ करायचा तसा. माझ्याबद्दलचे प्रश्न मीच त्याला देत होते. हे किती विचित्र आहे ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. दुसरं कोण देणार होतं?

डॉक्टर आले. विलासने टोपी काढली आणि सगळे प्रश्न विचारले, एक विसरला तो मी सांगितला. डॉक्टरांनी उत्तरं दिली आणि ते पुढच्या कॉटकडे वळले.

"साहेब, अजून एक इचारू काय?"

हा मी शिकवलेला नव्हता.

"हे तिकडं आर्णीले एकटीच राह्यते. काही झालं त हे सांगन कोनाले? आमालेच नाही सांगतलं. इले एकटं राह्यलेलं चालते काय आता?"

मी पटकन बोलले, सवयीने. "चालतं डॉक्टर. मी इतकी वर्षं राहतेच आहे. खाली घरमालक असतात."

विलास माझ्याकडे वळलाही नाही. आवाज न चढवता म्हणाला, "मी तुले नाही इचारलं, ताई. डॉक्टरले इचारून राह्यलो."

आयुष्यात त्याने मला असं कधी तोडलं नव्हतं. डॉक्टर थांबले, परत आले आणि त्याच्याशी बोलायला लागले. म्हणाले, पुढे राहता येईल, पण पहिले काही आठवडे घरच्यांमध्ये असलेलं बरं. विलास ऐकत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं. दोन खोल्यांचं घर, एका खोलीत कापूस भरलेला, माझी कॉट कुठे टाकायची. कदाचित त्याला नको होतं. कदाचित फक्त जागा शोधत होता. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

"ठीक हाय," तो डॉक्टरांना म्हणाला. "घरी नेतो."

'नाही' माझ्या तोंडाशी आलं होतं. कॉलेज, खोली, खालच्या बाई, तुमचा कापूस, सगळी कारणं रांगेत उभी होती. मी तोंड मिटलं आणि डोळेही मिटले. विलास खाली वाकून कॉटखालच्या माझ्या चपला शोधायला लागला.